"तुम्हाला काही विचारायचंय?" : डीपीटीच्या मुलाखतीत उलट प्रश्न कोणते विचारावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या दोन डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) प्रोग्रामांकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. "फिजिकल थेरपीच का?" वगैरेंची तयारी झाली आहे. पण शेवटी पॅनेल "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतं तेव्हा काय विचारायचं, आणि जास्त खोदून विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

आगाऊपणा वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एकवीस वर्षं फिजिकल थेरपिस्ट म्हणून काम करतेय. दर वर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे क्लिनिकल रोटेशनला, म्हणजे खऱ्या रुग्णांबरोबर काम शिकायला, असतात, आणि गेली काही वर्षं एका प्रोग्रामच्या मुलाखतींना मी बाहेरची क्लिनिशियन म्हणून बसते. "नाही, सगळं वेबसाइटवर वाचलं" असं हसून सांगणारी बरीच मुलं मी पाहिली आहेत. त्यांचे गुण त्यामुळे फारसे कापले जात नाहीत, पण तीन वर्षं आणि भलंमोठं कर्ज जिथे गुंतवायचं, तिथली एकुलती एक समोरासमोरची भेट त्यांनी हसण्यावारी घालवलेली असते. भाड्याने खोली घेतानासुद्धा आपण नळ सोडून पाण्याचा दाब बघतो.

सगळं सुरळीत चाललं तर बहुतेक प्रोग्राम चांगलेच वाटतात. फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर: कुणी नापास झालं, रोटेशन ऐनवेळी रद्द झालं, पैसे कमी पडले. म्हणून तुमचे प्रश्न तिकडे वळवा. आणि विचारताना भूतकाळात आणि आकड्यांत विचारा. "मुलांच्या हॉस्पिटलमध्ये रोटेशन मिळू शकतं का?" याला जगातला प्रत्येक प्रोग्राम "हो" म्हणेल. "मागच्या बॅचमधल्या किती जणांना मिळालं?" म्हटलं की समोरच्याला आठवावं लागतं, आणि तो आठवत असतानाच तुम्हाला बरंच काही कळतं.

घरून निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र स्वतः बघून ठेवा: प्रोग्रामची कॅपटीची मान्यता. (कॅपटी म्हणजे फिजिकल थेरपीच्या प्रोग्रामांना मान्यता देणारी संस्था.) लायसन्सची परीक्षा, म्हणजे एनपीटीई, द्यायची तर अमेरिकेत शिकलेल्यांना कॅपटीची मान्यता असलेल्या प्रोग्राममधूनच पदवी लागते. नवीन प्रोग्रामांपुढे "कॅन्डिडेट फॉर ॲक्रेडिटेशन" असं लिहिलेलं असतं. हा दर्जा म्हणजे मान्यता नव्हे, आणि पुढे मान्यता मिळेलच याची हमीही नव्हे. पहिल्या बॅचचं शिक्षण संपत येतं तेव्हा निर्णय होतो. त्या बॅचमध्ये जाणार असाल तर डायरेक्टरना सरळ विचारा: "मान्यता मिळाली नाही किंवा लांबली तर आमच्या बॅचचं काय होईल?" प्रामाणिक डायरेक्टरकडे याचं उत्तर तयार असतं, कारण हा प्रश्न त्यांना स्वतःलाही रात्री पडत असतो. जुना प्रोग्राम असेल तर तो प्रोबेशनवर नाही ना, एवढं कॅपटीच्या वेबसाइटवर पाहून घ्या. तेवढ्यासाठी मुलाखतीतला वेळ घालवू नका.

आता निकालाकडे येऊ. वेबसाइटवर तुम्हाला बहुधा "अल्टिमेट पास रेट" दिसेल. कॅपटीची अपेक्षा अशी की दोन वर्षांच्या सरासरीने हा दर किमान 85 टक्के असावा. पण "अल्टिमेट" म्हणजे कितीही प्रयत्नांनंतर पास झालेले सगळे. समजा शंभर जण परीक्षेला बसले, पहिल्या फटक्यात शहात्तर पास झाले आणि उरलेल्यांतले एकोणीस दुसऱ्या-तिसऱ्या वेळी. वेबसाइटवर 95 टक्के झळकणार. त्या एकोणीस जणांचं काय झालं ते आकड्यात दिसत नाही. एनपीटीई वर्षातून चारदाच होते, त्यामुळे एकदा हुकली की तीन महिने गेले. पुन्हा फी, पुन्हा अभ्यास, हातातली नोकरीची ऑफर लांबणीवर, आणि कर्जाचे हप्ते आपले जवळ येतच असतात. आयुष्यभरात एकूण सहाच प्रयत्न मिळतात, ही तलवारही डोक्यावर. तेव्हा विचारा: "तुमचा अंतिम निकाल मी पाहिला. पहिल्या प्रयत्नात किती जण पास झाले?" आधी "मी पाहिला" म्हणणं महत्त्वाचं. तुम्ही घरचा अभ्यास करून आलात हे समोरच्याला कळतं, आणि तोच गुळगुळीत आकडा तो पुन्हा तुमच्या हातावर ठेवू शकत नाही.

तरीही हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, कारण तो फक्त पदवीपर्यंत पोचलेल्यांचा असतो. माझा सर्वांत आवडता प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे: "मागच्या बॅचमध्ये किती जण आत आले, आणि त्यातले किती त्याच बॅचबरोबर बाहेर पडले?" काही प्रोग्रामांत कच्ची मुलं दुसऱ्या सेमिस्टरलाच गळतात किंवा एक वर्ष मागे, खालच्या बॅचमध्ये टाकली जातात. इथे याला "डिसेल" होणं म्हणतात. तसं झालं की एका वर्षाचं भाडं वाढतं, फी वाढते आणि पगाराचं एक वर्ष बुडतं. निकाल मात्र छान दिसतो, कारण परीक्षेपर्यंत चाळून निघालेलेच पोचतात.

म्हणून जोडीला विचारा की प्रॅक्टिकलमध्ये नापास झालं तर पुढे काय. पुन्हा संधी किती वेळा? तोच परीक्षक की दुसरा? मधल्या काळात शिकवायला कुणी बसतं, की फक्त तारीख मिळते? बऱ्याच ठिकाणी सुरक्षेची चूक म्हणजे थेट नापास. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे राहिले किंवा रुग्णाला उभं करताना गेट बेल्ट (त्याला धरून ठेवायला कमरेला बांधायचा पट्टा) बांधला नाही, की बाकीचं कितीही सुंदर केलेलं असो, संपलं. नियम योग्यच आहे. ब्रेक न लावलेल्या खुर्चीवरून पडलेला माणूस मी पाहिला आहे. प्रश्न एवढाच की त्या नापासानंतर प्रोग्राम तुमच्याशी कसा वागतो.

एका मुलाखतीत एका मुलीने विचारलं होतं, "गेल्या वर्षी कुणी मागे पडलं का? त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत?" आमच्या डायरेक्टरने नाव न घेता एका विद्यार्थ्याची अख्खी हकीकत सांगितली. न्यूरोच्या, म्हणजे मज्जासंस्थेच्या, प्रॅक्टिकलला तो कसा अडकला, दर आठवड्याला कोण त्याच्याबरोबर बसलं, शेवटी कसा सुटला. ते ऐकताना मलाच त्या प्रोग्रामबद्दल थोडा जास्त आदर वाटला. याउलट "आमच्याकडे मुलं नापास होत नाहीत" असं कुणी म्हणालं तर मनात एक फुली मारून ठेवा.

आता माझा स्वतःचा विषय, क्लिनिकल रोटेशन. इथे जरा रेंगाळते, कारण मुलं इथेच सर्वांत कमी विचारतात आणि पुढे इथेच सर्वांत जास्त रडतात. डीपीटीत पूर्णवेळ क्लिनिकल अनुभव किमान 30 आठवड्यांचा असावा लागतो. बरेच प्रोग्राम त्याहून जास्त देतात. हे सगळं एका व्यक्तीच्या हातात असतं: डायरेक्टर ऑफ क्लिनिकल एज्युकेशन, बोलीभाषेत डीसीई. मुलाखतीच्या दिवशी ही व्यक्ती भेटणार असेल तर तुमचे निम्मे प्रश्न तिच्यासाठी राखून ठेवा.

जागा कशा वाटतात, लॉटरीने, पसंतीक्रमाने की डीसीई ठरवेल तसं? गावाबाहेरची किती रोटेशन्स सक्तीची आहेत? तिथल्या राहण्याचा खर्च कोण करतं? (जवळजवळ नेहमी तुम्हीच. तरी विचारा, कारण काही ठिकाणी सोय असते.) लहान मूल, आजारी आईवडील अशी जबाबदारी असेल तर त्याचा विचार होतो का, आणि शेवटचा असा विचार कधी झाला?

आणि रद्द झालं तर? रद्द होतात. शिकवणारी थेरपिस्ट नोकरी सोडते, बाळंतपणाच्या रजेवर जाते, क्लिनिक दुसऱ्या कंपनीला विकलं जातं. माझं स्वतःचं तिसरं रोटेशन सुरू व्हायच्या नऊ दिवस आधी रद्द झालं. खोलीची अनामत भरून झाली होती. नवी जागा मिळाली ती सहाशे मैलांवर आणि वेगळ्याच सेटिंगमध्ये. मला ऑर्थो (हाडं-सांध्यांचं) हवं होतं, मिळालं स्किल्ड नर्सिंग (बहुतेक वृद्ध रुग्णांचं शुश्रूषा केंद्र). शिकले भरपूर, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार याची की त्या नऊ दिवसांत शाळेतून मला एकदाच फोन आला, तोही फॉर्मवर सही हवी होती म्हणून. त्यामुळे मी सगळ्यांना हा प्रश्न पाठ करायला लावते: "गेल्या वर्षी किती रोटेशन्स ऐनवेळी रद्द झाली, दुसरी जागा किती दिवसांत मिळाली, आणि त्यामुळे कुणाचं ग्रॅज्युएशन लांबलं का?" चांगल्या डीसीईला हे आकडे तोंडपाठ असतात. असा प्रश्न ऐकून तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं तर समजा की योग्य माणसाशी बोलताय.

टेबलाच्या माझ्या बाजूने आणखी एक सांगते. रोटेशनला येणारी मुलं पहिल्याच दिवशी दोन प्रकारची दिसतात. काहींनी आधीच्या सेमिस्टरांत खऱ्या रुग्णाला हात लावलेला असतो. काहींनी फक्त वर्गमित्राचा, पंचविशीतला, धडधाकट गुडघा वाकवलेला असतो. दुसऱ्या प्रकारची मुलं हुशार असली तरी ऐंशी वर्षांच्या आजींच्या सुजलेल्या पायापुढे पहिले दोन आठवडे गोठतात. तेव्हा विचारा की खरा रुग्ण पहिल्यांदा कितव्या महिन्यात समोर येतो. विद्यार्थ्यांनी चालवलेलं मोफत क्लिनिक असेल तर तिथे पहिल्या वर्षाची मुलं रुग्ण तपासतात की फक्त रिसेप्शन सांभाळतात, हेही विचारा. शिवाय रोटेशनच्या मध्यावर डीसीई फोन करते का, भेटायला येते का? माझ्याकडे अशा शाळांची मुलं आली आहेत जिथल्या डीसीईचा आवाजसुद्धा मी ऐकलेला नाही. मूल्यमापनाचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा आणि संपलं. विद्यार्थी चांगला चालला असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण अडखळत असेल तर मध्ये बोलणारा तिसरा माणूस लागतोच.

वर्गातल्या शिक्षणाबद्दल फार लांबण लावत नाही. ॲनाटॉमीला शवविच्छेदन स्वतः करायला मिळतं, आधी कापून ठेवलेले नमुने बघायचे, की सगळं पडद्यावर? लॅबमध्ये एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? शेवटी ही हाताची विद्या आहे. सांध्यावर हात ठेवल्यावर "इथे नाही, अर्धा इंच वर" म्हणणारं कुणी शेजारी असावं लागतं. दोन वर्षांचा हायब्रिड (थोडा ऑनलाइन, थोडा कॅम्पसवर) प्रोग्राम असेल तर कॅम्पसवर एकूण किती दिवस असणार, आणि घरी असताना सराव कुणावर करायचा, हे विचारा. अशा प्रोग्रामांबद्दल माझा आकस नाही. तिथून आलेले उत्तम विद्यार्थी माझ्याकडे होते, पण ते सगळे कमालीचे शिस्तीचे होते. आणि एक छोटा प्रश्न, ज्याला लोक बिचकतात: "गेल्या दोन वर्षांत किती प्राध्यापक सोडून गेले? डायरेक्टर इथे किती वर्षं आहेत?" एखाद्या वर्षी दोघे गेले तर योगायोग. निम्मा विभाग नवा असेल तर मात्र कारण ऐकून घ्या.

पैशाचं बोलायचं तर मान्यताप्राप्त प्रोग्रामांना खर्चाचा तक्ता वेबसाइटवर ठेवावा लागतो. तो आधी वाचा. प्राध्यापकांना फी विचारू नका, त्यांना बहुधा माहीत नसते. अर्थसाहाय्य विभागाला विचारा: मागच्या तीन वर्षांत फी किती वाढली, आणि आमच्या बॅचसाठी ती गोठवली जाते का? सध्या एक प्रश्न फार महत्त्वाचा झालाय. 2025 च्या कायद्याने 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होतं. पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला 20,500 आणि एकूण 1,00,000 डॉलर. ज्या पदव्या "प्रोफेशनल" गटात धरल्या जातील त्यांना वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000. म्हणून विचारा: "आमच्या बॅचसाठी डीपीटी कोणत्या गटात धरली जाते, आणि मर्यादेपलीकडच्या रकमेची सोय इथली मुलं कशी करताहेत?" फिजिकल थेरपिस्टचा मध्यम पगार वर्षाला साधारण लाख डॉलरच्या घरात आहे. तो आकडा कर्जाशेजारी लिहून बघा. खासगी कर्जाचा व्याजदर त्यात धरला की काही प्रोग्राम यादीतून आपोआप खाली घसरतात.

एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना ही सरकारी कर्जं मिळतच नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रश्न वेगळे: "याआधीची आंतरराष्ट्रीय मुलं कोणत्या रोटेशनना गेली, आणि त्यांच्या सीपीटीची कागदपत्रं कोण बघतं?" (सीपीटी म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी.) अशी मुलं त्या प्रोग्राममध्ये आधी कधी आलीच नसतील तर पहिला धोंडा तुमच्याच पायावर पडणार, एवढं समजून जा. जमेची बाजू अशी की ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत फिजिकल थेरपिस्ट "शेड्यूल ए" या मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत येतात, त्यामुळे नोकरी देणाऱ्याला एक वेळखाऊ टप्पा वाचतो. आणि ज्यांनी भारतात बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) केलंय त्यांनी मुलाखतीच्या तयारीआधी स्वतःलाच विचारावं: पुन्हा तीन वर्षं खरंच लागणार आहेत का? परदेशी पदवीची तपासणी करून घेऊन, कमी पडणारे विषय भरून काढून थेट एनपीटीईला बसण्याची वाट अजून आहे. तुमच्या राज्याच्या बोर्डाचे नियम आधी वाचा, मग ठरवा.

विद्यार्थ्यांशी बोलायची संधी मिळाली, आणि बहुतेक ठिकाणी जेवणाच्या वेळी किंवा कॅम्पस दाखवताना मिळते, तर ती अजिबात सोडू नका. पहिल्या वर्षाची मुलं अजून नव्या नवलाईत असतात, तिसऱ्या वर्षाची रोटेशनला गेलेली असतात. म्हणून दुसऱ्या वर्षाचा कुणीतरी गाठा. त्यांना निवडूनच उभं केलेलं असतं हे खरं, पण दोन प्रश्न खोल गेलात की पढवलेलं संपतं आणि माणूस बोलायला लागतो. "तुमच्या बॅचने कशाबद्दल तक्रार केली, आणि त्यावर काही बदललं का?" हा त्यातला सर्वांत कामाचा. "गेल्या आठवड्यात किती तास झोपलात?" हाही. "पुन्हा निवडायचं झालं तर हेच कॉलेज घ्याल का?" असं सगळेच विचारतात आणि सगळेच "हो" म्हणतात. विचारायचंच असेल तर उत्तराकडे लक्ष देऊ नका, उत्तराआधीच्या थांबण्याकडे द्या.

आता विचारण्याची रीत. पाच-सहा प्रश्न वहीत लिहून न्या, पॅनेलला त्यातले दोन किंवा तीनच विचारा. वही उघडी ठेवली तरी चालते. मला तर वही घेऊन आलेलं मूल आवडतं. गटात मुलाखत असेल तर एकच विचारा आणि दुसऱ्याला जागा द्या. तिथे तुम्ही इतरांना बोलू देता का, हेच आम्ही बघत असतो. एमएमआय पद्धतीत (एकामागून एक खोल्यांत छोट्या छोट्या मुलाखती) दर खोलीत मोजकी मिनिटं असतात, तिथे उलट प्रश्नांना वावच नसतो. त्यांच्यासाठी बहुधा शेवटी वेगळं सत्र असतं, प्रश्न तेव्हाचे. प्राध्यापकाच्या संशोधनाबद्दल विचारायचं तर एक तरी निबंध आधी वाचलेला असावा. न वाचता विचारलेलं दुसऱ्या वाक्यात उघडं पडतं आणि मग दोघंही अवघडतात. "माझी निवड होईल असं वाटतं का?" हे कधीच विचारू नका. पहिलाच प्रश्न सुट्ट्यांचा नसावा. नापास होण्याबद्दलचा प्रश्नही पहिला नको, दुसरा असू द्या. पहिला शिकवण्याबद्दलचा असला की वातावरण मोकळं होतं.

उत्तरं त्याच संध्याकाळी लिहून काढा, कोण काय म्हणालं त्यासकट. दुसरी मुलाखत झाली की पहिली विरघळून जाते आणि लक्षात राहते ती फक्त इमारत. दोन्ही ठिकाणी तेच दोन-तीन प्रश्न विचारलेत तर तुलना करायला बरं पडतं.

एक प्रश्न मात्र पॅनेलसाठी नाही. सीट राखायला डिपॉझिट किती, ते परत मिळतं का, आणि भरायची शेवटची तारीख दुसऱ्या कॉलेजच्या मुलाखतीच्या आधी पडते का? पडत असेल तर मुदत वाढवून मिळते का? हे ॲडमिशन ऑफिसला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी हातात राहील.